रेवाचे बावीस रन

३ जाने., शनि.
सुलूला काल घरी आणलं. उजवा डोळा पूर्वीच गेलेला, आता डाव्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून आत गॅसचा फुगा सोडलाय, म्हणून दहा दिवस मान खाली. जेवताना, झोपतानाही. दिसेल किती, ते फुगा विरल्यावरच कळणार. "जन्मभर ताठ मानेनं वागले ना," म्हणाली. मला हसू येईना.

४ जाने., रवि.
बाल्कनीत टेबलावर उशी, उशीत तिचं डोकं. "खाली काय चाललंय? बोला की. पस्तीस वर्षं रेडिओवर अख्ख्या महाराष्ट्राला मॅच सांगितलीत." सुरू केलं. गुप्ते वॉचमनशी भांडत होते. रंगात आलो, तर म्हणते, "विशेषणं नकोत. कोण जिंकलं?"

६ जाने., मंगळ.
"दिसेल ना हो मला?"
दिसल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा नियम. ऐकणारा आपल्यावरच विसंबून असतो. चेंडू दिसला नाही तर माइकवर तसं सांगितलंय, साहेबांची बोलणीही खाल्लीत. "माहीत नाही गं," म्हणालो. फार वाईट वाटलं.

१० जाने., शनि.
वाट लावली मी आज.
सोसायटीची अंडरआर्म टूर्नामेंट. आमची नात रेवा पहिल्यांदाच टीममध्ये. पहिल्याच बॉलला बोल्ड. इकडे उशीत तोंड खुपसून सुलूचे कान खाली. "चार!" माझ्या तोंडातून निघूनच गेलं. मग थांबता येईना. दोन सिक्सर मारल्या, एक पाण्याच्या टाकीवर. बावीसवर कॅच देऊन मानानं बाहेर काढली.
तेवढ्यात रेवा रडत वर. "आजी, पहिल्याच बॉलला गेले!"
"ठाऊक आहे गं. स्टंप पडलेला ऐकला मी. पण आजोबा तुझे बावीस करत होते, त्यांना अडवू कशी?"
रेवा खो खो हसली. मी कानकोंडा.
ती गेल्यावर सुलू हळूच म्हणाली, "रेडिओवर पण असंच करायचात?"
"आईशप्पथ, कधीच नाही."
"मग माझ्याशीच का? उद्या डोळ्याचंही असंच गोड सांगाल."
तिच्याइतकं मन लावून मला कुणी ऐकलेलं नाही. तिलाच फसवलं.

११ जाने., रवि.
मी चहा दिला तेव्हा म्हणाली, "आवाज मात्र काल झकास लागला होता." बरं वाटलं. पण खाली काय चाललंय ते विचारलं नाही.

१ फेब्रु., रवि.
डोळ्यातली फुग्याची हलती रेघ दोन दिवसांपासून गेली, म्हणते. आज फायनल. स्वतःच बाल्कनीत येऊन कठड्याला धरून उभी राहिली. रेवा बॅटिंगला आली. मी तोंड उघडणार, तर तिनं माझा हात दाबला.
"काय दिसतंय?" मीच विचारलं.
"थांबा हो. दिसल्याशिवाय बोलायचं नाही."
थांबलो. रेवानं टोला हाणला. सुलूची मान सावकाश डावीकडे वळली. चेंडूही तिकडेच गेला होता. आरडाओरड्यावरून वळली की कसं, विचारलं नाही.