सही न मागता दिलेली किल्ली

मास्तर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली. आज लिहायला बसलो, कारण या महिन्यापासून तुमचेच काम माझ्याकडे आले आहे. घोडेगावात चार तरुण माझ्याकडे येतात. पुढे आपापल्या गावी वाचनालय सांभाळायचे, म्हणून पुस्तकांची आणि माणसांची व्यवस्था कशी ठेवावी हे मी त्यांना शिकवायचे आहे. पहिल्या दिवशी काय सांगावे हे मी तीनदा कागदावर लिहिले आणि तीनदा खोडले. तोंड उघडले तेव्हा तुमचीच वाक्ये बाहेर पडली. मला राग आला, आणि ती वाक्ये अजून खरी वाटतात म्हणून जास्तच आला.

जुन्नरच्या पेठेतले ते दोन खोल्यांचे वाचनालय, आणि तुमच्यासमोर सतरंजीवर आम्ही तिघे. मी मराठी पाचवीतून शाळा सुटलेला, शुद्धलेखन चुकेल या धास्तीने एकेक अक्षर जपून काढणारा. दुसरा महाळुंग्याचा, अंगाने पैलवान. तिसरा आहुप्याचा, तो भातलावणीला म्हणून डोंगरात गेला आणि परत आलाच नाही. एके सकाळी तुम्ही आम्हा दोघांना मोठे टेबल उचलायला लावता. तुम्ही म्हणता डावीकडे, आणि शिपाई म्हणतो उजवीकडे. आम्ही टेबल धरून मध्येच गोल फिरतो आहोत. महाळुंग्याचा घामाघूम होऊन ओरडतो, "मास्तर, टेबल दोघांचं ऐकंल, पर माझी पाठ न्हाई ऐकायची!" तुम्ही हसता आणि सांगता, शिपायाला तसे बोलायला मीच सांगितले होते, एका कामाला दोन हुकूम आले की काम जागच्या जागी फिरते. हा धडा मी कधीच विसरणार नाही. गेल्या आठवड्यात मीही टेबल उचलायला लावले.

दुसरा धडा तुमच्या स्वयंपाकघरातला. तुम्ही आम्हाला उंबऱ्याशी उभे करून काकूंना डोळे मिटायला सांगितले, आणि हळद, मीठ, मोहरी मागितली. काकूंनी न चाचपडता एकेक डबा पुढे केला. "बघा, प्रत्येक वस्तूला जागा आणि वस्तू आपल्या जागी," तुम्ही म्हणालात. काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "आणि यांचा चष्मा रोज मी शोधून द्यायचा!" त्या दिवशी आम्हाला पिठले-भाकरी मिळाली. मला ते घर माझे वाटले होते.

पावसाळा संपत आला तेव्हा तुम्ही बंद कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. त्या कपाटात जुन्या हस्तलिखित पोथ्या होत्या. किल्लीबरोबर एक पातळ वही दिलीत, रेघा तुम्ही स्वतः आखलेल्या. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाईल तेव्हा घेणाऱ्याने वहीत सही करायची. "मी मागितली तरी सही घ्यायची," तुम्ही बजावले होते. "किल्ली ज्याच्या हाती, जबाब त्याच्या माथी. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था म्हणजे अंधेर." मी ते पाठ केले. आळ्याला नवे वाचनालय निघणार होते, तिथे ग्रंथपाल म्हणून माझे नाव सुचवणार असे तुम्ही काकूंना सांगितल्याचे मला कळले होते. आईने आळ्याला खोली कुठे मिळेल याची चौकशीही सुरू केली होती.

दिवाळीच्या आधी पुण्याचा एक मोठा अंमलदार लेणी बघायला आला. दुपारी तुम्ही घाईने आलात आणि हात पुढे केलात. "किल्ली दे." मी दिली. तासाभराने तो अंमलदार टांग्यात बसताना दिसला, मांडीवर पिवळ्या रुमालात बांधलेली पोथी. ती पोथी पेठेतल्या एका जैन शेटजींची होती. त्यांचे पूर्वज मारवाडातून आले तेव्हा त्यांनी ती बरोबर आणली होती. वाचनालयात ठेवायला देताना शेटजींनी एकच अट घातली होती: दरवर्षी दिवाळीनंतरच्या ज्ञानपंचमीला पोथी त्यांच्या घरी पूजेला जाईल. तुम्ही किल्ली परत दिलीत आणि म्हणालात, "आठवड्यात परत येईल. बोलू नकोस." मी बोललो नाही.

चतुर्थीला सकाळी शेटजी स्वतः आले, नवे रेशमी वस्त्र घेऊन. "चला मास्तर, उद्या पंचमी. घरात पोरींनी पाट मांडून ठेवलाय, रांगोळी झालीय. पोथी द्या." मी कपाट उघडले. पोथीची जागा रिकामी होती. शेटजींनी आणलेले वस्त्र पुन्हा घडी घातले आणि म्हणाले, "सात पिढ्यांत पंचमी कधी मोकळी गेली नव्हती, भाऊ." तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता. मला वाटले, आता बोलाल.

तिसऱ्या दिवशी कमिटी बसली. अध्यक्षांनी विचारले, किल्ली कोणाकडे असते? तुम्ही माझ्याकडे बोट केलेत. वही मागवली गेली. वहीत शेवटची सही माझी होती. त्यानंतर तुम्ही जे बोललात ते वर्गात बोलायचात त्याच आवाजात, शांतपणे: "किल्ली ज्याच्या हाती, जबाब त्याच्या माथी. हे मी याला किल्ली देतानाच शिकवले आहे." तुम्ही खोटे एक अक्षर बोलला नव्हता, आणि तेच मला आजपर्यंत सलते. तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेतला असता तर मी भांडलो असतो. तुम्ही मला शिकवलेला धडाच माझ्यावर उलटवलात.

बाहेर पायऱ्यांवर महाळुंग्याचा माझी वाट बघत होता. "बोलला का न्हाईस रं? तोंडात मुरमुरं व्हतं का?"

"मला वाटलं मास्तर बोलतील."

"बोललं की मास्तर. लई ग्वाड बोललं."

आळ्याची जागा त्याला मिळाली. जाताना तो माझ्या दारात उभा राहिला, मान खाली घालून. "राव, जागा तुझी व्हती. पर मी नाय म्हणलो तर दुसरा कुनी बसंल, तू न्हाई." खरे होते. मी घोडेगावला कचेरीत कागदांच्या नकला करायला लागलो. माघात शेटजी बाजारात भेटले आणि म्हणाले, पोथी सापडली, मास्तरांनी शोधून काढली, दुसऱ्या कपाटात गेली होती म्हणे. त्यांनी तुमचे कौतुक केले. मी मान हलवली. पुढच्या वर्षी तुम्ही तापाने गेलात. मी आलो होतो, रांगेत मागे उभा होतो. काकूंना भेटलो नाही.

काल त्या चौघांतला एक मला म्हणाला, "मास्तर, एवढं येतंय तुमाला, मंग आळ्याची जागा का हुकली?" मी नेहमीचे उत्तर दिले. गुरूंना सही मागायला जीभ रेटली नाही, आदर आडवा आला. पोरांनी माना डोलावल्या. हेच उत्तर मी आईला दिले, लग्न झाल्यावर बायकोला दिले. सगळ्यांना ते पटते. तुमचा अपराध माझ्या लेखी आजही तेवढाच आहे; त्यातला तीळभर मी माफ केलेला नाही. पण हे पत्र कुठल्याच टपालात पडायचे नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. त्या दुपारी वही माझ्या बगलेत होती, टाक शाईत बुडवलेला होता, आणि मला तुमचे शब्द आठवले होते. मी तुमच्या तोंडाकडे पाहिले. पुढच्याच आठवड्यात तुम्ही आळ्यासाठी नाव सुचवणार होता. तुमची मर्जी मोडायला मी घाबरलो. आदराचे मला नंतर सुचले.