आईंच्या डोक्यावरची गाठ

प्रिय बेबी,

आईंच्या डोक्यावरची गाठ काढली. टाके कोरडे आहेत, कणकण होती तीही गेली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. दादाने तुला फोनवर "सगळं व्यवस्थित झालं" एवढंच सांगितलं असणार. त्याला तेवढंच माहीत आहे. तो दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि आत ट्रेमध्ये चिमटा वाजला तरी डोळे मिटून घेत होता. शेवटी मीच म्हटलं, जा, कोपऱ्यावरून कापूस घेऊन ये. कापूस दवाखान्यातच मिळतो हे त्यालाही ठाऊक होतं, पण बिचारा आनंदाने गेला. मी स्वतः फोन केला असता. पण फोनवर तू मला "हो वहिनी, कळलं वहिनी" याच्यापुढे जाऊ देत नाहीस. पत्र तसं मध्येच तोडता येत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती गाठ नव्हती. हे खात्रीने सांगते, कारण आईंचं डोकं माझ्या हातांना माझ्या स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. आले त्याच आठवड्यापासून त्यांचं न्हाणं माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी तेल जिरवायचं, सकाळी पाणी तापवायचं, धुवायचं, आणि मग मागच्या दारी उन्हात खुर्ची टाकून गुंता सोडवायचा. गुडघ्यापर्यंत केस त्यांचे. ओले झाले की माझ्या मनगटाला रग लागायची. तू पायरीवर शेंगा सोलत बसायचीस आणि माझ्याकडे बघून विचारायचीस, "आई, वहिनीच्या पाठीवर हे उंदराचं शेपूट कुणी चिकटवलं गं?" आई हसायच्या. हसल्या की डोकं हलायचं, डोकं हललं की केस ओढला जायचा, आणि चापट माझ्या हातावर बसायची. पण तुम्हां दोघींचं ते हसणं छान होतं हो. दोघींचे दात अगदी सारखे आहेत.

मग एकदा तेल लावताना बोटाखाली काहीतरी लागलं. मसुरीच्या दाण्याएवढं. टाळूच्या जरा मागे, उजवीकडे. मी गप्प बसायला हवं होतं, पण काळजीने सांगून बसले. आईंनी स्वतः चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझी फणी लागलीय. दात धरून टोचतेस तू मला." त्या दिवसापासून ती गाठ माझी झाली. पाहुणे आले की चहाच्या आधी गाठ. "ही बघा आमच्या सूनबाईंची कमाई. हात लावून बघा की, त्यात काय लाजायचं!" शिंपीण आली, तिने हात लावला. दादाचे साहेब आले, त्यांनी चष्मा काढून पाहिलं. तुझ्या सासरच्या माणसांनी तर पहिल्याच भेटीत पाहिलं. सगळे आधी गाठीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. तू मला 'फणी' नावच ठेवलंस. तुझी पोरं 'फणीमामी' म्हणत वाढली. धाकटा आठवीत जाईपर्यंत त्याला ते माझं खरं नाव वाटत होतं. मला चिडवायला म्हणून नाही हं, अगदी निरागसपणे सांगितलं त्याने. मी हसून त्याच्या हातावर खाऊ ठेवला.

तुला माहीत आहे, मी देवाचं कधी चुकवत नाही. आंघोळ झाली की दिवा, दिवा झाला की चूल. इतक्या वर्षांत त्याच्याकडे मी सोनं-नाणं मागितलं नाही, मूलबाळसुद्धा एका वेळेनंतर मागायचं सोडून दिलं. एकच मागत आले. आईंच्या तोंडून एकदा निघू दे, तुझी चूक नव्हती. जगासमोर नको, चौघांत नको. नुसतं मला सांगू दे, दार लावून. मागणं इतकं बारीक होतं की देवाला बहुतेक ते दिसलंच नाही.

यंदा गाठ लिंबाएवढी झाली, लाल झाली, उशीला टेकवेना. तेव्हा दवाखाना निघाला. डॉक्टरीण तरुण आहे, मोठ्याने बोलते, त्यामुळे आईंना कानातल्या यंत्राशिवायही निम्मं ऐकू जातं. तिने समजावलं, की कातडीखाली एक पिशवी तयार होते, आत पांढरं साचत जातं, साधी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू. मी मुद्दाम विचारलं, "डॉक्टर, फणी लागून होते का हो ही?" ती म्हणाली, "फणीने? मग मला रोज शंभर डोकी उघडावी लागली असती! ही घराण्यातून येते. आजी, तुमच्या आईला होती का?" आणि आई म्हणाल्या, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा, "होती ना. दोन होत्या. माझ्या मावशीला पण होती."

बेबी, माझे कान तापले. म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मसुरीच्या दाण्याएवढी असल्यापासून.

परत येताना बसमध्ये मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, यंत्र कानात नीट बसवलं आणि विचारलं, "आई, ऐकलंत ना? माझी फणी नव्हती." त्या बाहेर बघत म्हणाल्या, "नव्हती तर नव्हती. गंमत होती ती. गंमत कळायला मॅट्रिकच्या पुढे शिकावं लागतं." पुढच्या सीटवरची बाई फिस्सकन हसली. मी त्यांचं तिकीट माझ्या तिकिटाबरोबर घडी करून पाकिटात ठेवलं.

गाठ काढायच्या दिवशी डॉक्टर म्हणाली होती, आजूबाजूचे थोडे केस काढावे लागतील, वाटीएवढी जागा, बाकीचे वर बांधून टाकू. आईंना आतल्या टेबलावर पालथं झोपवलं. कानातलं यंत्र काढून माझ्याकडे दिलं. तिथे एक आयाबाई आहे, केस काढायचं काम तिच्याकडे. तिने अंबाडा सोडला आणि सगळं टेबलाखाली लोंबायला लागलं, तशी ती म्हणालीच, "अगं बाई! या वयात? मी आपलं एवढंच गोल करते हो. कात्री लावायला जीव होत नाही."

मी म्हटलं, "सगळे काढा."

तिला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. "सगळे? आजींना विचारलंत का?" मी म्हटलं, "त्यांचं सगळं मीच बघते. जखमेला केस नकोत. साबण, तेल, पाणी तापवायचा गॅस, सगळ्याचीच बचत." हे खोटं नव्हतं. तूच हिशेब कर. आयाबाई जरा घुटमळली, मग तिने वेणी घालून मुळाशी कात्री लावली. जाड दोर कापावा तसा आवाज झाला. मग मशीन फिरवलं. मध्येच आई उशीत तोंड घालून ओरडल्या, "एवढा वेळ काय करतेय ही मेली?" मी वाकून कानाशी मोठ्याने सांगितलं, "गाठ मोठी आहे, आई." गाठ मोठी होतीच. वेणी आयाबाईने मागितली, तिच्या मुलीचे केस आजारपणात गेलेत म्हणे. मी देऊन टाकली. दान योग्य जागी पडलं.

डॉक्टरीण आत आली आणि थबकली. "अहो, एवढे कशाला?" मी म्हटलं, "स्वच्छ राहील." तिने माझ्याकडे पाहिलं, मग मास्क वर केला आणि सुई हातात घेतली. मी शेवटपर्यंत उभी होते. चीर दिली, कडा सोडवल्या आणि गाठ आख्खी बाहेर आली, पांढरी, गुळगुळीत, सोललेल्या लसणीसारखी. न फुटता निघाली म्हणून डॉक्टर खूश झाली. म्हणाली, आता पुन्हा होणार नाही.

घरी येईपर्यंत डोकं पट्टीत आणि पदरात होतं. आल्यावर आई हात-तोंड धुवायला गेल्या. मोरीशेजारचा आरसा तुला माहीत आहे. मला वाटलं होतं भांडी फुटतील, शेजारीपाजारी गोळा होतील. त्या बाहेर आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "एखादं फडकं दे गं." गं म्हणाल्या, बेबी. मी जुनं धुतलेलं फडकं दिलं. त्या रात्री दादा जेवता जेवता एवढंच म्हणाला, "केस येतील परत." आईंचं वय किती, तो कुठल्या हिशेबात राहतो, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दिवा लावला आणि देवापुढे उभी राहिले. म्हटलं, काही म्हणायचं असेल तर म्हण. वात सरळ जळत होती.

आता त्या खोलीबाहेर येत नाहीत. शेजारणी चौकशीला आल्या की मी त्यांना आतच नेते. "या ना, आई जाग्याच आहेत." मग आई भिंतीकडे तोंड करतात. पण फडकं मागून सुटतंच. कानातलं यंत्र त्यांनी काढून ठेवलंय, त्यामुळे दारातलं बोलणं त्यांना ऐकू जात नाही. मला जातं. शिंपीण म्हणाली, "डोकं केवढंसं आहे हो त्यांचं! केसांमुळे कळलंच नव्हतं."

हे सगळं तुला का लिहितेय ते आता सांगते. तू नव्या सुनेला घेऊन येत्या रविवारी येणार, नातसून आजेसासूला पहिल्यांदा बघणार, हे आईंनी मनात घोकून ठेवलंय. काल दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेतला. "बेबीला लिही, मला बरं नाही, एवढ्यात येऊ नका. त्या पोरीने मला असं बघायला नको." मी दुसऱ्या हाताने चादरीच्या सुरकुत्या काढत राहिले. तेव्हा त्यांनी हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तुझी चूक नव्हती. मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं." आणि रडल्या. बेबी, हेच मी देवाकडे मागत होते. ऐकलं, आणि आत काहीच हललं नाही. शिळ्या भाकरीला वाफ यावी तेवढंसुद्धा नाही. मी त्यांचे डोळे पुसले, पांघरूण घातलं आणि म्हटलं, लिहिते. म्हणून हे पत्र. तर रविवारी नक्की या. नव्या सुनेला आणा, तिच्या आईवडलांना आणा, सगळ्या पोरांना आणा. सकाळी लवकर या, तेव्हा त्या खोलीत ऊन छान येतं. आईंना मी काही कळवत नाही, नाहीतर उगाच जिवाला घोर लावून घेतील. आणि घरातली झाडून सगळी फडकी मी त्या दिवशी पहाटेच भिजत टाकणार आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
वहिनी