पाहुणे जाईपर्यंत पावसाची नमाज पुढे ढकलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
बेट परिषद, बोदुमागू.

विषय : शुक्रवारी ठेवलेली पावसाची नमाज सोमवारपर्यंत तहकूब करण्याबाबत विनंती.

संदर्भ : मशिदीच्या फळ्यावरील आपली सूचना, व तीवरून काल धक्क्यावर झालेली बाचाबाची.

महोदय,

मी इद्रीस मणिकु, पूर्व किनाऱ्यावरील तीन खोल्यांच्या ‘इरू’ गेस्ट हाऊसचा चालक, सविनय अर्ज सादर करतो की,

१. जुम्म्यानंतर फुटबॉलच्या मैदानावर साऱ्या बेटाने पावसाची नमाज पढावी, अशी आपली सूचना आहे. माझ्याकडे परवाच पोलंडहून पाहुणे उतरले असून ते सोमवारी परत जाणार आहेत. कधी यावे, असे त्यांनी त्यांचा हिवाळा लागण्याआधीच मला विचारले होते. मी नकईचा, म्हणजे आपल्या नक्षत्रांचा, हिशेब लावून कळवले की, रेवा नक्षत्रात या, आभाळात ढगाचा ठिपकाही दिसणार नाही. त्यांनी माझ्या शब्दावर सुट्ट्या काढल्या. पुढचे अस्सिदा नक्षत्र लागले की पाऊस न बोलावता येतोच. मग मधल्या चार दिवसांसाठी त्याला आवतण कशाला, एवढेच माझे नम्र म्हणणे आहे.

२. अर्जदार पावसाच्या विरोधात नाही. माझीही टाकी तळाला गेली आहे, विहीर मचूळ झाली आहे आणि आंघोळ केली की पाहुण्यांच्या केसांचा झाडू होतो. परंतु आपल्या इमामसाहेबांची दुआ आजवर वाया गेलेली नाही, हीच माझी अडचण आहे. मागच्या खेपेला माणसे रिवाजाप्रमाणे सदरे उलटे घालून मैदानावर उभी राहिली, ती सुलटे करायच्या आत भिजली. दुआ लागू पडू नये अशी आशा धरावी तर ते पाप, आणि लागू पडली तर मी बुडालो.

३. गेल्या दोन हंगामांत माझे पाहुणे पावसात सापडले व त्यांनी तसे जगभर लिहून ठेवले. याही वेळी तसेच झाले तर गेस्ट हाऊसला कुलूप लावून मला पुन्हा मालेच्या बंदरावर गोणी उचलायला जावे लागेल. तिथे एका खाटेवर पाळीपाळीने झोपतात. त्याचेही काही नाही. पण माझी आई रुगिय्या इथे एकटी पडेल. तिला नीट दिसत नाही. मालेत ती राहत नाही. एकदा नेले होते, तर ‘आपला समुद्र कुठाय’ म्हणून रडत बसली. मला तिला सोडून जायचे नाही, साहेब.

४. धक्क्यावर माझे कोणी ऐकून घेतले नाही. शेजारच्या सन्फा दात्ता सर्वांसमक्ष म्हणाल्या, “वा रे इद्रीस! तुझ्या पाहुण्यांना आभाळ कोरडं हवं, मग आमच्या पोरांनी काय समुद्र प्यायचा?” वडीलधारे मूसा बेबे म्हणाले, “ऊन एवढं गोड लागतंय तर त्यांना सांग, डब्यात भरून न्या!” आई तिथल्याच काथ्याने विणलेल्या जोलीच्या आसनावर बसून सगळे ऐकत होती.

५. तरी पुढीलपैकी काहीतरी मान्य व्हावे. नमाज सोमवारी, पाहुण्यांची बोट प्रवाळाच्या कड्यापलीकडे गेल्यावर घ्यावी. ते जमत नसल्यास पाऊस रात्रीच्या इशापासून पहाटेच्या फजरपर्यंतच मागावा. तेव्हा पाहुणे झोपलेले असतात. अल्लाला वेळ नेमून देणे इमामसाहेबांना बरे वाटत नसेल, तर निदान पश्चिमेच्या वस्तीपुरता मागावा. आपले बेट एक विडी संपेपर्यंत ओलांडून होते, हे मला ठाऊक आहे. पण त्याला काय अशक्य आहे?

६. इथवर लिहून झाले आणि आई अंगणात जोलीवरून खाली कोसळली. ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. मग कळले की, पाहुण्यांचा चहा खारट लागू नये म्हणून तिने आपल्या पलंगाखालच्या हंड्यातले पावसाचे पाणी परवापासून गुपचूप माझ्या किटलीत ओतले होते. मला दर वेळी सांगत होती, “प्याले रे, आत्ताच तर प्याले.” दुकानातल्या बाटल्या संपल्या आहेत, मालाची होडी आलेली नाही. मी ओरडलो, “मम्मा, एकदा सांगायचं तरी!” ती म्हणाली, “पाहुणे खूश राहिले तर तू राहशील ना रे.”

माझा आवाज ऐकून सन्फा दात्ता धावत आल्या. पोरांसाठी राखलेले तांब्याभर पाणी त्यांनी आईच्या तोंडाला लावले. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवले नाही.

७. सबब, वरील सर्व मागण्या मी मागे घेतो. नवी विनंती अशी की, नमाज शुक्रवारपर्यंत लांबवू नये, उद्या सकाळीच घ्यावी. पाहुण्यांना मी आजच सांगतो. त्यांना काय लिहायचे ते लिहू देत. मी पहिल्या रांगेत सदरा उलटा घालून उभा राहीन, आणि मागताना वेळ, दिशा काही घालणार नाही. मग मालेला जायची पाळी आली तर जाईन. मी नसताना माझी आई पाणी प्यायली का, एवढे परिषदेने रोज कोणाला तरी पाठवून डोळ्यांनी बघून घ्यावे. नुसते तिला विचारू नये. ती खोटे सांगते.

कळावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र अर्जदार,
इद्रीस मणिकु
बोदुमागू
बुधवार, रेवा नकई