चार पर्याय, एक बरोबर

२६ जून
आमच्या समीक्षाने आज जाहीर केलं की मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करणार नाही. हैदराबादच्या एका डिझाइन कॉलेजात सीट मिळाली आहे. पंधरा जुलैच्या आत कळवायचं आहे. मी चिडलो नाही. लातुरात वीस वर्षं क्लाससाठी बायोलॉजीचे प्रश्न काढले आहेत. मुलांचं मन मला कळतं. तिला पूर्ण स्वातंत्र्य दिलं. पर्याय ठेवले: अ) लातूरला रिपीट, ब) नांदेडला रिपीट, क) घरी बसून रिपीट.

समीक्षाची आई म्हणाली, चौथा मी सांगू का, वरीलपैकी सर्व. तिला परीक्षापद्धतीची बरीच माहिती झाली आहे.

२८ जून
पोरगी मागच्या खोलीत वर्षभर काय करत होती ते कळलं. गेम! 'मुक्कामी गाडी' नाव. मोबाईलवर भागाभागांनी येतो. चित्रं आणि गोष्ट समीक्षाची, कोडिंग सादचं. साद म्हणजे निजामोद्दीन टेलरचा मुलगा. आमच्याच क्लासच्या बॅचला होता. हुशार, पण ऑप्शनला टिक करण्याआधी फार विचार करायचा.

पहिला भाग खेळून बघितला. तासभर लागेल असं वाटलं होतं. जेवण राहिलं. खेळणारा म्हणजे एसटीचा कंडक्टर. लातूरहून उमरग्याला गाडी निघते. मागच्या सीटवर एक मुलगी आहे, घरी न सांगता शिकायला निघालेली. तिचा बाप स्कूटरवरून गाडीचा पाठलाग करतो. औशाच्या स्टँडवर तो गाडी गाठतो, आणि तिथेच भाग संपतो. आता कंडक्टरने बापाला काय सांगायचं ते दुसऱ्या भागात खेळणाराच ठरवणार.

बापाचं पात्र अप्रतिम आहे. जूनमध्येही कानटोपी, बोलताना 'मुद्दा क्रमांक एक'. असे तत्त्वाचे बाप आता राहिले नाहीत. माझी कानटोपी सारखी करत तसं म्हणालो. समीक्षा आणि साद एकमेकांकडे बघत राहिले. कौतुकच असणार.

३० जून
आयडिया सुचली. समीक्षाला म्हणालो, तुझे खेळणारेच ठरवू देत. दुसऱ्या भागात जास्त लोकांनी मुलगी बापाच्या स्वाधीन केली तर तू रिपीट करायचं. नाही केली तर हैदराबाद. अट एकच, पर्याय मी लिहिणार.

तिने विचारलं, पप्पा, नक्की ना. मी म्हणालो, नक्की.

ज्याने पेपर काढला त्याला निकाल माहीत असतो. पोरीला एवढंही कळलं नाही याचं थोडं वाईट वाटलं.

२ जुलै
पर्याय लिहिले. विधान आणि कारण पद्धतीने. विधान: मुलगी गाडीत आहे. कारण: बाप हा बाप असतो. दोन्ही बरोबर असून कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे. हा 'अ'. बाकी तीन चुकीचे. चुकीच्या पर्यायाला निगेटिव्ह मार्किंग, म्हणजे पुढच्या लामजना गावाच्या अलीकडे गाडी पंक्चर. सोबत उत्तरसूची जोडली.

सादने वाचलं आणि डोकं खाजवलं. म्हणाला, सर, गेममध्ये बरोबर उत्तर नसतंय ओ. मी विचारलं, मग तपासायचं कशावरून? तो म्हणाला, तपासायचंच न्हाई, बघायचं. याच विचाराने त्याचे फिजिक्सचे मार्क गेले होते.

५ जुलै
तडजोड केली. खेळणाऱ्याला दहाच सेकंद असतात, तेवढ्यात कारण वाचून होत नाही म्हणे. पंक्चर काढलं. शेवटी राहिलं ते असं. बाप खिडकीखाली येऊन विचारतो, माझी पोरगी हाय का गाडीत?
अ) हाय, मागच्या सीटवर.
ब) न्हाई.
क) तिलाच विचारा.
ड) काही न बोलता डबल बेल द्यायची, म्हणजे गाडी सुटते.

'ड' सादने घातला. मी हरकत घेतली नाही. इतका भडक पर्याय मूर्खसुद्धा निवडत नाही. उलट 'अ' उठून दिसतो.

८ जुलै
दुसरा भाग आला. मतं बारा तारखेच्या संध्याकाळपर्यंत मोजायची ठरली.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर 'अ' टाका असं कळवलं. याला पेपर फोडणं म्हणत नाहीत. मार्गदर्शन म्हणतात.

९ जुलै
'अ' अकरा टक्के. 'ड' एकसष्ट.
सुरुवातीला उतावळी मुलं पेपर देतात. गंभीर विद्यार्थी शेवटी येतो.

१० जुलै
'अ' नऊ टक्के.
ईश्वरप्पांचा फोन. डाळ मिलवाले, माझ्याबरोबर रोज फिरायला असतात. स्वतःच्या तीन पोरींची लग्नं बारावीनंतर लगेच लावणारा माणूस, खात्रीचं मत. फोनवर आवाज बारीक. म्हणाले, सर, माफ करा, बोट 'अ' वरच नेलतं, पर ती पोरगी काचंतून बघायली व्हती की ओ. मी विचारलं, मग काय दाबलं? म्हणाले, बेल. आणि परत मागून दुसऱ्या फोनवरून पन बेलच.

माणूस भावनेच्या आहारी गेला की साधे प्रश्न चुकतो.

११ जुलै
समीक्षाला म्हणालो, हा नमुना प्रातिनिधिक नाही. फेरपरीक्षा घ्यावी लागेल. ती म्हणाली, बरं पप्पा, कितीदा घ्यायची? हे विचारताना आवाज चढवला नाही. टेबलावर चित्र काढत बसली होती, तशीच बसून राहिली. तिची आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, तुमच्या मनासारखा निकाल लागंस्तोवर घ्या की, तुमाला काय धंदाय. क्लासने प्रश्न काढायचं काम मार्चपासून कॉम्प्युटरकडे दिलं आहे, त्याला उद्देशून होतं. मी निवृत्त नाही, उपलब्ध आहे. हे तिला पूर्वीही सांगितलं आहे.

रागावलो नाही. गच्चीवर जाऊन आलो.

१२ जुलै, दुपार
सगळ्यांची मतं मागत फिरलो आणि स्वतःचं राहिलंच. एका मताने फरक पडणार नाही हे माहीत आहे. पण ज्याने उत्तरसूची काढली त्याची उत्तरपत्रिका कोरी असू नये. आज 'अ' देणार.

१२ जुलै, संध्याकाळ
दुसरा भाग खेळलो. औशाचं स्टँड समीक्षाने हुबेहूब काढलं आहे. स्टँडवरचा धुळकट पंखा, रसवंतीचा चरक, सगळं. बाप स्कूटर लावतो. कानटोपी काढतो. हे माझ्या पेपरात नव्हतं. केस विस्कटलेले, वय अचानक दिसतं. खिडकीखाली येऊन विचारतो. मुलगी मागच्या सीटवरून कंडक्टरकडे बघते. हात जोडत नाही, रडत नाही. नुसती बघते. समीक्षा पहिल्यांदा एकटी शाळेच्या ऑटोत बसली तेव्हा मागच्या काचेतून असंच बघत होती.

दहा सेकंद. माझं बोट 'अ' वर होतं. बेल वाजली.

बोट घसरलं. स्क्रीन जुनी आहे, वर दाबलं की खाली लागतं. खात्री करायला ॲप काढून पुन्हा टाकलं, परत खेळलो. यावेळी चष्मा पुसून, मोबाईल टेबलावर ठेवून, उजव्या हाताने.

परत बेल. गाडी सुटली. बाप स्टँडवर उभा राहिला आणि लहान होत गेला. त्याने हात वर केला. थांबवायला की निरोपाला, ते चित्रात स्पष्ट नाही. समीक्षाला सांगायला हवं, अशा जागी संदिग्धता चालत नाही.

१३ जुलै
निकाल. 'ड' चौसष्ट टक्के.
साद सकाळीच आला. दारातूनच म्हणाला, सर, कुणी कोणतं बटण दाबलं ते आम्हाला दिसतंय बरं का, तुमच्या मोबाईलवरून दोनदा 'ड' आलंय. समीक्षाची आई पोहे देता देता थांबली. मी शांतपणे समजावलं की ही तांत्रिक चूक आहे, स्क्रीन बिघडली आहे, आज दुपारीच नवी टाकायला गांधी चौकात जाणार आहे.

समीक्षा जवळ आली, माझा मोबाईल घेतला, ओढणीने स्क्रीन पुसली, चार कोपऱ्यांत चार वेळा बोट लावून बघितलं. मग परत देताना म्हणाली, चांगली चालायली की पप्पा, कशाला बदलता. आणि आत बॅग भरायला गेली.

पोरीला हार्डवेअरमधलं काही कळत नाही. हैदराबादला शिकवतील.