दोन सुरांची वाक्यं

सौंसर, जि. पांढुर्णा
१२ जानेवारी २०२५

चि. सायलीस केशवमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही अन् तुझे मेसेज दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

पांढुर्ण्याचे हेमंतराव त्यांच्या मुलासाठी, अंकुरसाठी, तुझी माहिती मागून राहिले. मुलगी काय करते, असं विचारलं. मी म्हटलं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात थेरपिस्ट आहे. त्यांनी मनानंच फिजिओथेरपिस्ट धरलं, मी मोडता घातला नाही. पस्तीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलं. गप्प बसणाऱ्यांसाठी तसा नियम नव्हता.

पण खरंच, पेशंटपुढं गाणं म्हणायची नोकरी असते, हे लोकांना कसं सांगावं? शेजारचा तुळशीराम विचारून राहिला, की पेशंट गेल्यावर भजनालाही तूच जाते काय. मी म्हटलं, त्याचं खातं वेगळं असेल.

मामी बरी आहे. तुझी आठवण काढते.

आशीर्वाद भरपूर आहेत. नोकरीचं नाव तेवढं बदलता आलं तर पाहा.

तुझा मामा


पुणे
२० जानेवारी २०२५

ती. मामांस सायलीचा सा. न. वि. वि.

फिजिओथेरपिस्ट लिहू नका. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई गुडघे घेऊन बसतील.

इथे आम्ही तिघं आहोत. डिंपल आधी अकरा वर्षं नर्स होती. अभिजीत लग्नाच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा, मग मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवायला लागला. मी संगीतात बी.ए., मानसशास्त्रात एम.ए., मग संगीतोपचाराचा डिप्लोमा आणि वर्षभर सीनियरच्या नजरेखाली उमेदवारी. एवढं करून दवाखान्याच्या ओळखपत्रावर तिघांचा हुद्दा एकच छापला आहे: 'इतर'. हेमंतरावांना तेच कळवा, अधिकृत आहे.

आणि मी दिवसभर गात नाही हो. गाणं दहा मिनिटं, नोंदी तासभर. कुणाचा हात किती ठोक्यांनंतर हलला, कोणतं मूल कोणत्या सुराला कान झाकतं, हे लिहीत बसते. तुम्हाला आवडेल असं काम आहे, निम्मं हजेरीपटासारखं.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्या, हुद्दा कोणताही असो.

सायली


सौंसर
३ मार्च २०२५

चि. सायलीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून घाबरू नको. दहा फेब्रुवारीला सकाळी भाजी निवडता निवडता मामीला अर्धांगाचा झटका आला. नागपूरला नऊ दिवस ठेवलं. उजवी बाजू थोडी सुधारून राहिली, पण वाचा गेली. समजते सगळं. बोलायला जाते तर फक्त 'ते, ते' निघते, मग रडते. जामसांवलीच्या मारुतीलाही नेऊन आणलं.

एक विचित्र पाहिलं. देवळात आरती सुरू झाली तर हिनं शब्दांसकट म्हटली, पूर्ण! मी आनंदानं विचारलं, माझं नाव सांग. तर 'ते, ते'. चाळीस वर्षांच्या संसारात नाव घेत नव्हती ती मर्यादा होती. आता येतच नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी वाचा शिकवणाऱ्या बाईंकडं आठवड्यातून एकदा यायला सांगितलं. मधले सहा दिवस काय करावं, ते तुझ्या शास्त्रात असेल तर लिही. हेमंतरावांचं आता राहू दे. तुळशीरामच्या प्रश्नाला मी हसलो होतो, तेही मनात ठेवू नको.

मामा


पुणे
८ मार्च २०२५

ती. मामांस सा. न.

पत्र वाचून दवाखान्याच्या जिन्यातच बसले. पुढच्या शनिवारी येते आहे, पण चारच दिवसांची रजा मिळाली. म्हणून आजच लिहिते.

बोलण्याची जागा मेंदूत बहुतेक डावीकडे असते. गाण्याचं काम उजवी बाजूही करते, आणि मामीची ती शाबूत आहे. तिच्यासमोर बसा. तिचा डावा हात धरून टेबलावर सावकाश ठोके द्या आणि रोजचं साधं वाक्य दोन सुरांत म्हणा, एक खालचा, एक वरचा: पाणी पाहिजे. चहा दे. आधी तुम्ही, मग दोघं, मग ती एकटी. नागपूरच्या बाईंना दाखवून मगच वाढवा. सगळं परत येईल असं वचन मी देत नाही.

होय मामा, गायचं तुम्हालाच आहे. घरात दुसरं आहे कोण? आवाज कसाही चालेल, ठोका चुकवू नका.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
सायली


सौंसर
१८ मे २०२५

चि. सायलीस मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तू येऊन गेली तेव्हापासून सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं, खंड नाही. तुळशीराम कुंपणावरून पाहून म्हणून राहिला, की गुरुजींच्याच डोक्यावर परिणाम झाला. मी त्याला दोन सुरांत घरी जायला सांगितलं.

पाणी, चहा, दार लाव, एवढी वाक्यं मामी आता एकटी म्हणते. तुझ्यासारखी मीही वही ठेवली, तीत तारखेसकट आहेत. नागपूरच्या बाई वही पाहून म्हणाल्या, कुठं शिकले? मी म्हटलं, भाचीकडं. ती संगीतोपचार करते. थेट तेच म्हटलं.

आता गुरुवारचं. मोहगावहून मामीची बहीण प्रमिला आली होती. दोघी बसल्या अन् मामीनं एकदम जात्यावरची ओवी धरली. मग दुसरी, मग तिसरी. गळा असा, की मी दारातच थांबलो. चाळीस वर्षांत मी हिला आरतीपलीकडं गाताना ऐकलं नव्हतं. प्रमिला म्हणाली, भाऊजी, माहेरी लग्नघरं हिला बोलावणं धाडत. लग्नानंतरच बंद झालं.

ती गेल्यावर मी मामीला विचारलं, गाणं काऊन सोडलं? उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं टेबलावर ठोका दिला अन् त्याच दोन सुरांत म्हटलं: तुमीच म्हनलं, घरात शांती पाहिजे.

ह्या वाक्याचा सराव मी घेतला नव्हता.

मला आठवत नाही, सायली. शाळेतून दमून आलो असेन, म्हटलं असेन. ती रागावलेली नव्हती. मग तिनं माझा हात ओढून टेबलावर ठेवला, ठोके द्यायला लागली अन् माझ्या तोंडाकडं पाहत राहिली, मी शिकवताना पाहतो तशी. मी म्हटलं: मीच म्हनलं. तिनं मान हलवली, सूर चुकला होता. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी जमलं.

हा सराव वहीत कोणाच्या नावापुढं लिहू, तिच्या की माझ्या, ते कळव.

माया आहेच, कमी पडू देऊ नको.

तुझा केशवमामा