लेकीला बाहेर बसवलं

अहो, पत्र पुन्हा सूनबाईच्याच अक्षरात! म्हणे, ‘बाबा बरे आहेत.’ तुमच्या हाताला मेंदी लावलीय का? असो. नमस्कार करते.

इथे परदेशात लेक मला इंग्रजीच्या वर्गाला धाडते. तिथे पुस्तक नाही, नाटकच करतात. परवा शिकवणाऱ्या बाई डॉक्टर झाल्या. आजारी म्हातारी गप्प, आणि तिची मुलगीच सगळं सांगत होती. बघणाऱ्याला पटलं नाही की त्याने ‘स्टॉप’ ओरडायचं आणि स्वतः जाऊन त्या जागी बसायचं, असा नियम.

मी ओरडले आणि म्हातारीच्या जागी जाऊन बसले. मुलीला म्हटलं, “यू, आउटसाइड.” मग छातीवर हात ठेवून डॉक्टरला सांगितलं, “पेन हिअर. स्टेअर्स, मोअर पेन.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही. त्यांनी हळूच विचारलं, “रिअल?”

“येस,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खऱ्या डॉक्टरकडे लेकीलाही बाहेर बसवलं. ती आजवर माझ्या वतीने ॲसिडिटीच सांगत आली होती. आता फुगून बसलीय. मला हृदयाच्या गोळ्या चालू झाल्यात. उगाच घोर लावून घेऊ नका.

तुम्हाला रात्री अजून दम लागतो का? खरं सांगा. अक्षर कोंबडीचे पाय झालं तरी चालेल, पण उत्तर तुम्हीच लिहायचं. सूनबाईने कागदाला हात लावायचा नाही.

तुमची कटकट