आठव्या घरची जमीन

बुयेंदे
मंगळवार, ४ फेब्रुवारी

मुतेसी ताई,

सातव्या घरी गुडघे टेकले, मान खाली घातली, आणि नाकासमोर पुन्हा तेच हिरवे सँडल. डाव्याचा पट्टा तारेने बांधलेला. तू खुशाल असशील, मुलं शाळेत रमली असतील. हे आधी विचारायला हवं होतं, पण ते सांगितल्याशिवाय राहवेना.

मला काम मिळालंय. दवाखान्याची पाहणी. आपली ती पायात शिरणारी पिसू कुणाला जास्त धरते, ते शोधायचं. घरोघरी पंचवीस प्रश्न. जमीन मातीची की सिमेंटची, शेळ्या आत बांधता का, पाणी किती लांब, पायांत काय घालता, घरात कोण कोण. आम्हाला शिकवलं होतं, स्टुलावर बसून विचारा. वडीलधाऱ्यांना स्टुलावर बसून नमस्कार कोण करतं गं? मी गुडघे टेकते. गुडघे टेकले की पाय समोरच येतात. म्हणून बाकीच्या मुलींना जे दिसलं नाही ते मला दिसलं.

अख्ख्या आळीत सँडल एकच जोड. अनवाणी म्हणून आपलं नाव लागू नये, यासाठी ते हातोहात केळींमधून आमच्या पुढे पळत होते. सातव्या घरच्या कागोया काकूंना धाप लागलेली. विचारलं, काकू, हे तुमचेच ना?

"तू लिहीपर्यंत माझेच. लवकर लिही, शेजारीण मागे थांबलीय."

सातही घरांपुढे मी 'अनवाणी' लिहिलं. संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टर नामुकोसे ते ऐकून हसल्या. म्हणाल्या, जुने सगळे तक्ते पुन्हा तपासायला हवेत. उद्यापासून सगळ्यांनी गुडघे टेकायचे. माझी पद्धत, ताई. दहा जणी माझ्या पद्धतीने काम करणार.

आठव्या घरी ते सँडल कुणी नेऊन दिले नव्हते.

ते घर आपलं होतं.

बाबा पायांवर गोणपाट घेऊन बसले होते. डोळे अधू झालेत, मला ओळखलं नाही. मी वाकले तर त्यांनी हात आडवा केला.

"टेकू नका, बाई. इथली जमीन चांगली नाही. तुमच्या पायांत शिरतील."

मी उभीच राहिले. प्रश्न मात्र ओळीने विचारत गेले. वय बहात्तर. सोबत कोणी नाही. पिसवा काढायला कोणी नाही, पिन शेजारून मागून आणतात. मुलं किती, विचारलं. म्हणाले, दोन मुली, धाकटी लांब असते.

सहा मैल, ताई.

तीन वर्षं मी तुला लिहितेय, बाबा बरे आहेत. मी गेलेच नव्हते. लग्न ठरताना सासूबाईंनी माझ्या पायांवरचे पिसवांचे वण पाहिले आणि विचारलं, माहेरी अजून कुणाला आहे का? मी म्हटलं, माहेरी कुणीच नाही. त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं संसार केला.

मग मी गुडघे टेकलेच. नमस्कार केला, माझं नाव घेऊन. गोणपाट बाजूला केलं. सत्तेचाळीस पिसवा होत्या. फॉर्मवर तेवढ्या खुणांना जागा नाही. बाबा म्हणाले,

"ऊठ. फ्रॉक मळेल."

आता पिन लागत नाही. नवं तेल आलंय, प्रत्येक जागी दोन थेंब, आठवड्यात पिसू मरते. मी माझ्या हाताने लावलं. डॉक्टर म्हणतात, महिन्याभरात नीट चालू लागतील. ऐकतेस ना? चालू लागतील.

बुधवार, सकाळ

चहाच्या वेळी सासूबाईंना सांगितलं, माझे वडील जिवंत आहेत, एकटे आहेत, त्यांचे पाय वाईट आहेत. त्या उठल्या. उकडलेली रताळी केळीच्या पानात बांधली आणि ती पुरचुंडी माझ्या हातात दिली. मी बाबांकडे निघाले आहे.

त्यांची धाकटी,
नैगागा